कासलबारचे तीस सेकंद

विमान डब्लिनला उतरले तेव्हा माझ्या मनगटावर अजून सांगलीचीच वेळ होती. घड्याळ ह्यांचे, किल्लीचे. हे मागच्या श्रावणात गेले, तेव्हापासून रोज सकाळी मी त्याला किल्ली देते.

"आई, इथली वेळ लावून देऊ?" मुलाने विमानतळावर विचारले.

नको म्हणाले. सेकंदकाटा कुठेही सारखाच फिरतो.

मुलाचे घर क्लोनडॉकिनला, एकसारख्या विटांच्या घरांच्या रांगेत. सून मयूरी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि शनिवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते. आयर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियाचा खेळ आमची मराठी मुलगी का खेळते, तर ऑफिसातल्या ओर्लाने तिला एकदा ओढून नेले म्हणून. चेंडू लांबट, नारळासारखा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथाडला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एकच. लांबून आलेला चेंडू हवेतच झेलला, तर सगळे थांबतात आणि झेलणारीला निवांत नेम धरता येतो. मात्र तीस सेकंदच. त्यापुढे पंच 'प्ले ऑन' ओरडतो आणि सगळ्या तिच्यावर तुटून पडतात.

ह्यांना हा नियम फार आवडला होता. मयूरी बागेत सराव करायची, व्हिडिओ कॉल लावलेला मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून. हे सांगलीच्या गच्चीतून घड्याळ बघत बसायचे आणि वेळ संपत आली की ओरडायचे, "मयूरे, हाण की आता!" मी आतून म्हणायची, "अहो, हळू. शेजारी झोपलेत." मी पुण्याची, ग्रंथालयात आयुष्य गेलेली. ह्यांचे 'हाण की' मला कधी पचले नाही.

"मागची मॅच माझ्यामुळे हरलो," कांदा चिरताना मयूरी म्हणाली. "नेम धरून उभी राहिले आणि पंचाने प्ले ऑन दिलं. किती वेळ झाला ते कळतच नाही हो आई. बाबांचा आवाज येईल म्हणून थांबते, बहुतेक. उद्याही तसंच झालं, तर मी सोडणार खेळणं."

मी पुढचा कांदा सोलला.

शनिवारी मुलाला ड्यूटी होती. आम्ही दोघी ओर्लाच्या गाडीतून पश्चिमेला निघालो. शॅनन नदी ओलांडल्यावर झाडे कमी झाली आणि दगडी गडगे सुरू झाले. त्यांच्या आत पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या. पाऊस यायचा, थांबायचा, लगेच ऊन पडायचे.

मॅच कासलबारला होती; ते ओर्लाचे माहेर. तिच्या आईने दारातच माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या यजमानांचं कळलं. फार वाईट झालं." एवढे बोलून ती सोडा ब्रेड (खायच्या सोड्याने फुगवलेला जाडा पाव) कापायला लागली. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती. तिने पावावर आधी लोणी लावले, मग चटणी, मग चटणीवर पुन्हा लोणी.

"तिखट नाही ना लागत?" मी विचारले.

"ग्रँड," ती डोळे पुसत म्हणाली. (ग्रँड म्हणजे उत्तम, बरे, चालेल, तिथे सगळ्याला तो एकच शब्द.)

मैदानावर वारा असा, की माझी छत्री उलटी होऊन उडाली ती थेट पंचाच्या पायाशी. त्याने ती आणून दिली. "बाई, ही मिटूनच ठेवा. नाहीतर तुम्हालाही टीममध्ये घ्यावं लागेल."

शेवटच्या सत्रात आमच्या मुली चार गुणांनी मागे होत्या. खेळ संपतच आला होता. ओर्लाने लांबून चेंडू मारला आणि तिघींच्या डोक्यांवरून मयूरीने तो झेलला. सगळे थांबले.

मयूरी मागे चालत गेली. चेंडू जर्सीला पुसला. खांबांकडे पाहिले. वारा डावीकडून होता. ती उभी राहिली, आणि उभीच राहिली. पंचाने मनगट वर केले. मीही केले. वीस सेकंद झाले, पंचवीस झाले. ती जागची हलत नव्हती. ती कशाची वाट पाहते आहे, हे त्या मैदानावर फक्त मला ठाऊक होते.

"मयूरे! हाण की आता!"

आवाज माझा होता, हे मला शेजारच्या बाईच्या चेहऱ्यावरून कळले.

मयूरी धावली. चेंडू डाव्या खांबाच्याही बाहेर निघाला असे वाटले, मग वळला, आणि बरोबर मधून गेला. सहा गुण. लगेच भोंगा वाजला. ओर्लाची आई मला गदागदा हलवत होती, आणि पुढच्या क्षणी मी चिखलातून, चपलांसकट, मैदानात धावत होते.

"'प्ले ऑन' अगदी ओठांवर आलं होतं हो बाई," पंच जाता जाता म्हणाला.

मयूरी माझ्या गळ्यात पडली. "आई, तुम्ही!" मग हसत म्हणाली, "पण बाबांचा 'हा' जास्त लांब असायचा."

"सराव करीन," मी म्हणाले. परतीच्या वाटेवर ओर्ला प्रत्येक सिग्नल हिरवा झाला की 'हाण की' म्हणत होती.

तिकडे जाताना वाटले होते, दुःख जरा लांब नेऊन ठेवावे. ते तसे राहत नाही. माझ्याबरोबर तेही सांगलीला परत आले आहे. पण आता रविवारी दुपारी मोबाईल वाजतो. पडद्यावर तिकडची ओली बाग दिसते, लांब उभी मयूरी दिसते. मी गच्चीत ह्यांच्या खुर्चीत बसते, घड्याळ बघते आणि वेळ झाली की ओरडते.

परवा शेजारच्या वहिनी खिडकीतून डोकावल्या. "काकू, भर दुपारी कुणाला हाणताय?"

"सुनेला सांगतेय," मी म्हणाले, "जरा मोठ्याने."