पिशवीत जपलेलं दुपटं

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय.

नातवाच्या बारशाला मी दुपटं शिवलं होतं. आमच्या हिच्या जुन्या सुती साडीचं. ती गेल्यापासून साडी नुसती पडून होती. शाळेतल्या कविता पुटपुटत एकेक ओळ टाके घातले, कडेला लाल दोऱ्याच्या चिमण्या भरल्या. चार महिने लागले.

आज डोंबिवलीहून कोपरीला लेकीकडे गेलो. बाळ दुकानातल्या गुळगुळीत ब्लँकेटमध्ये निजलेलं.

“आपलं दुपटं कुठाय गं?”

तिने कपाटातून काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा मी घातलेली तशीच!

“बाबा, किती नाजूक काम आहे ते. याने शू केली, मशीनमध्ये टाकलं आणि टाके उसवले तर?”

“अगं, शू करायलाच दिलंय! उसवले तर परत घालीन. मला दुसरं काम काय आहे?”

“चिडू नका ना. आईची साडी आहे ती.”

अहो, म्हणूनच तर शिवलं होतं! आजी भेटली नाही, निदान तिच्या साडीची ऊब तरी पोराला मिळावी.

मी दुपटं उलगडून त्याच्या अंगावर घातलं. सहा महिन्यांचा झालाय तो. दोन्ही पाय गुडघ्यापासून बाहेर.

तुमच्या कपाटात असं कुणाच्या हातचं जपून ठेवलेलं काही आहे का? काढा हो बाहेर. मळू दे.

दुपटं मी परत घरी आणलंय. त्याच साडीची वीतभर पट्टी खाली जोडतोय. पण पोरं माझ्या सुईपेक्षा भराभर वाढतात.