नळीला दिलेला उतार

“नळ्या मोकळ्या करणं हिच्या घरातच आहे. वडील ड्रेनेजवर आहेत ना!”

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, पाहुण्यांना सांगत होते. हातात मी बनवलेली चिप. काडेपेटीएवढी, पारदर्शक, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली. आत सुईएवढ्या बारीक नळ्या. एका तोंडातून मुठा नदीचं पाणी सोडायचं, दुसऱ्यातून रसायन. आत दोन्ही मिसळतात आणि रंगावरून पाण्यात नायट्रेट किती ते कळतं. पाहुणे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही चीड येते.

मी त्या प्रयोगशाळेत टेक्निशियन. धायरीहून बसने यायचे. त्याआधी चार महिने ती चिप जमत नव्हती. छापताना, जिच्यापासून चिप बनते ती पातळ राळ, रेझिन, नळीत अडकायचं आणि प्रकाश लागला की आतच घट्ट व्हायचं. नळी बंद. चिप कचऱ्यात. सरांनी कंटाळून तिकडे बघणंच सोडलं होतं.

एकदा जेवताना बाबांना सांगितलं. भाकरी मोडत ते म्हणाले, “आडवी कशाला ठिवतीस? उतार दे. उतार असला की घाण थांबत न्हाय.” मॅनहोलमध्ये उतरून उभा जन्म काढलेला माणूस. दुसऱ्या दिवशी मी चिप तिरपी ठेवून छापली. प्रकाशाखाली पक्की करायच्या आधी लगेच सिरिंजने अल्कोहोल सोडून नळ्या धुतल्या. पाणी आरपार गेलं. मी एकटीनेच टाळ्या पिटल्या.

मग त्या चिपवरच्या शोधनिबंधाचा मसुदा आला. लेखक सहा. त्यात मी नाही. आभारात नुसतं ‘प्रयोगशाळा कर्मचारी’.

विचारायला गेले. सर चहा ढवळत म्हणाले, “अगं, तू प्रिंटरचं बटण दाबलंस. डोकं लागतं ते वेगळं.”

डोकं! चार महिने कुठे होतं यांचं डोकं?

आठवड्यावर कार्यशाळा आली होती. दहा चिप हव्या होत्या. मी म्हणाले, “आधी नाव घाला सर, मग छापते.”

“तुझ्यावाचून काही अडत नाही.”

त्यांनी स्वतः छापल्या. आडव्या. न धुता प्रकाशाखाली ठेवल्या. कार्यशाळेच्या सकाळी दहाच्या दहा बंद. हॉल भरलेला. सर माझ्या टेबलाशी आले, आवाज एकदम मऊ. “अगं, जरा मोकळ्या करून दे ना.”

मी एक चिप उजेडात धरून पाहिली आणि त्यांच्या हातात परत दिली. “आत घट्ट झालेलं निघत नाही सर. वेळेवर धुवावं लागतं.”

त्याच दुपारी संस्थेच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. सोबत माझ्या वहीच्या प्रती. कुठली चिप किती तिरपी छापली, सगळं माझ्या अक्षरात आहे. नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे. लेखकांत माझं नाव हवं. आणि आभारात बाबांचं, पूर्ण नाव, खाली त्यांचं काम. ड्रेनेज असंच लिहायचं. त्याहून एक अक्षर कमी मी घेणार नाही.