दोरी सोडून मारलेली हाक

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक खुळखुळा असतो, एक लाल लोकरीचा गोंडा, छोटी वाटी आणि मूठभर बेदाणे. तान्ही बाळं मान धरतात का, गोंड्यामागे नजर फिरवतात का, आवाजाकडे वळतात का, थोडी मोठी झाली की बेदाणा चिमटीत उचलतात का, हे बघायचं आणि शंका आली तर बाळाला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं, हे माझं काम. बेदाणा बाळाच्या तोंडात जाण्याआधी मी काढून घेते आणि शेजारी टपून बसलेलं भावंड तो गट्ट करतं. दिंडोरीच्या द्राक्षबागांत मी शहरातून बेदाणे विकत घेऊन जाते, यावरून घरी माझी अजून थट्टा होते.

पावसाळा सरताना, फळ धरण्यासाठी वेली छाटतात त्या गोडी छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या या बागांवर उतरतात. बायका तान्ही बाळं बरोबर आणतात. खाली विंचू-किरडाची भीती, म्हणून वेलींच्या मांडवाच्या लोखंडी अँगलना जुन्या लुगड्याची झोळी बांधतात, तिला लांब दोरी लावतात आणि दोरीचं टोक कमरेला खोचून पुढच्या ओळीत छाटणी करतात. बाळ कुरकुरलं की काम न थांबवता एक हाक आणि दोरीला एक हिसका. मला ही झोळी फार आवडते. दुकानातल्या रंगीत पाळण्यांना तिची सर नाही.

ती मला अशाच एका ओळीत भेटली. विशीतली, हसरी, बोलायला घाईची. पोरगं सहा-सात महिन्यांचं, गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांचं. मी ते आधी उचललं आणि मग विचारलं, कारण त्या बाबतीत मला धीर नसतो. सासू शेजारच्याच वेलीवर होती. ती कौतुकानं सांगू लागली की असं शहाणं पोर टोळीत दुसरं नाही, ट्रॅक्टर शेजारून धडधडत गेला तरी याची झोप मोडत नाही. रडकी बाळं मला चालतात, फार शहाण्या बाळांची काळजी वाटते.

मान पक्की होती, नजर चलाख, गोंडा तर त्यानं माझ्या हातातून ओढूनच घेतला. मग त्याला आईच्या मांडीवर बसवून मी त्याच्यामागे खुळखुळा वाजवला. ढिम्म. दुसऱ्या कानामागे वाजवला. तो आईच्या बांगड्या चोखत राहिला.

आई म्हणाली, मांडीवर लाजतो, झोळीत बघा. तिनं त्याला झोळीत ठेवलं, वेलींच्या पलीकडे जाऊन दिसेनाशी झाली आणि हाक मारली, "ए माझ्या वाघा." पोरगं लगेच त्या बाजूला वळलं आणि खुदकन हसलं. सासूनं माझ्याकडे असं बघितलं की जणू खोट माझ्या खुळखुळ्यातच आहे. मलाही हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या पोराला पास करायचंच होतं. मी खुळखुळा पिशवीत टाकत होते, तेवढ्यात झोळी अजून हलताना दिसली. वारा अजिबात नव्हता. दोरी तिच्या कमरेलाच होती आणि हाकेसरशी सवयीनं तिनं हिसका दिला होता.

ती मला फसवत नव्हती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. टोळीतली कुठलीच आई दोरीशिवाय हाक मारत नाही.

मी तिला दोरी सोडून हाक मारायला सांगितलं. तिनं मारली. मग मोठ्यानं मारली. पोरगं स्वतःच्या पायाचा अंगठा पकडण्यात गर्क होतं. मग म्हटलं, आता काही न बोलता नुसती दोरी ओढ. ते वळलं आणि तसंच खुदकन हसलं. ती वेलींतून बाहेर आली तेव्हा छाटणीची कात्री तिच्या हातात तशीच होती.

सासू चिडली. त्याचा आजाही उशिरा बोलायला लागला होता, धडधाकट पोराला नाट लावू नका म्हणाली. मी पडले फटकळ, माझाही आवाज चढला. तपासणीत काही निघालं नाही तर मीच पेढे आणीन, पण आत्ता कळलं तर कानाला यंत्र लावून बोलायला शिकेल, उशीर केला तर बोलणं मागे पडेल, हे मी बजावून सांगितलं. सून कात्री घेऊन पुन्हा वेलीकडे वळली. ती दवाखान्यात येईल असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या अंगणवाडीत बाळं तपासत होते, तर ती दारात उभी. पोरगं कडेवर, झोळीचं लुगडं घडी करून खांद्यावर.

"बाई, काल सांजपर्यंत दोरी सोडून हाका मारल्या. नाय बघत तो." मग पोराला सावरत म्हणाली, "म्हंजे येवढे दिस मी बोलत व्हते, ते त्याला कायच पोचलं नाय?"

दोरी पोचत होती, एवढंच मी म्हणाले.

कानाच्या तपासणीसाठी बाळ गाढ झोपलेलं असावं लागतं. ट्रॅक्टरशेजारी झोपणारा हा गडी दवाखान्यात मात्र टक्क जागा. शेवटी तिनं व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजाला आणि खांबाला झोळी बांधली. रखवालदार कुरकुरला, पण दोन हिसक्यांत पोरगं झोपलं तसा तोच येणाऱ्या-जाणाऱ्यांना हळू चाला म्हणू लागला. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं असं निघालं. ती रडली, मीही रडले. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं की यंत्र झोळीत पडणार तर नाही. यंत्र मिळायला बऱ्याच खेपा झाल्या आणि ते जागेवर राहावं म्हणून बंदांचं टोपडं शिवलं ते सासूनं.

द्राक्षं उतरायला लागली तेव्हा मी पुन्हा त्या बागेत गेले. झोळीत टोपडं घातलेलं ते ध्यान बसलं होतं. क्रेट न्यायला ट्रॅक्टर आला, धडधडत शेजारून गेला आणि पोरगं दचकून भोकाड पसरून रडायला लागलं. सासू म्हणाली, "लय रडका झालाय आता." इतक्या अभिमानानं नातवाची तक्रार करणारी आजी मी दुसरी पाहिली नाही.

ट्रॅक्टर लांब गेला. वेलींच्या पलीकडून आईनं हाक मारली, "ए माझ्या वाघा." पोरगं हुंदका अर्धवट टाकून थांबलं आणि आवाजाकडे वळलं. मी आधी दोरीकडे बघितलं. ती मातीत सैल पडली होती आणि झोळी जराही हलत नव्हती.