नखाएवढ्या माशाचं पाणी

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शोभेच्या माशांचं दुकान आहे. दुकानदाराचं नाव मला माहीत नाही. रोज तो बादलीत मोजून मीठ विरघळवतो, नखाएवढ्या एका गोबी माशासाठी.

"समुद्रातल्या पोवळ्यात राहते हा, आजी. दोनेक महिनेच जगते."

"तू पायला का रे समुद्र?"

"नाई. गेलो तर याचं पानी कोन करन?"

मला हसू आलं. लग्नानंतर हे मुंबईला समुद्र दाखवतो म्हणाले, तेव्हा मी दीडशहाणी लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसले. म्हटलं, समुद्र कुठं पळून जातो? समुद्र तिथंच आहे. हे गेले.

दुकानदाराला ही गोष्ट सांगितली, तर त्यानं बादली पुढे सरकवली. आम्ही दोघांनी बोट बुडवून चाखलं.

"असाच लागत असन," तो म्हणाला.

मी पाहून आल्यासारखं हो म्हटलं.