दारातली बेरीज

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी त्या शाळेत रुजू झाले. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना एका फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि कापसाच्या शेतांमधून चालत गाव गाठायचं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी जळगावात वाढलेली, नुकतीच डी.एड. झालेली आणि ही पहिलीच नोकरी. शाळेत माझ्याशिवाय एकच शिक्षक, तेच मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पहिली-दुसरी तुमच्याकडे. आधीच्या बाई गेल्या, तेव्हापासून पोरं मोकाटच आहेत."

बदली झाली असेल असं मी धरून चालले.

शाळेला खोल्या दोन, पण एकीचे पत्रे वादळात उडाले होते. म्हणून उरलेल्या खोलीत सकाळी माझी लहान मुलं आणि दुपारी गुरुजींची तिसरी-चौथी. सकाळ म्हणायची ती नावाला. कापसाची वेचणी सुरू होती. आया शेतावर निघाल्याशिवाय मुलं यायची नाहीत, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून शाळा सुटायच्या आत त्यांना न्यायला कोणीतरी यायचं. मधल्या वेळात प्रार्थना, हजेरी, खाऊची सुकडी वाटणं, हातपंपावर हात धुणं. बाराखडी कशीबशी व्हायची. गणिताला पाव तास मिळाला तरी मी नशीब समजायचे.

पहिल्याच आठवड्यात मी मुलांना उजळणी म्हणायला लावली. सगळी मुलं एका सुरात म्हणत होती. अठरा, एकोणीस. आणि तिथं सगळी एकदम थांबली. तोंड किंचित उघडून प्रत्येकानं श्वास आत ओढला. खोल, घशात जरा अडकणारा, शिट्टीसारखा बारीक आवाज करणारा. मग म्हणाली, "वीस." पुन्हा एकोणतीसपर्यंत सुरळीत. पुन्हा तोच श्वास. मग तीस.

मला वाटलं, लकब असेल. लहान मुलं पाढ्यांना चाली लावतात, तसलं काहीतरी. पण ही चाल नव्हती. वर्गभर मुलं आणि सगळ्यांच्या छातीतून एकाच वेळी निघणारा म्हाताऱ्या माणसासारखा तो आवाज. भर सकाळी, उन्हाची तिरीप खोलीत आलेली असताना, माझ्या हातावर काटा उभा राहिला.

"मध्ये थांबायचं नाही," मी म्हटलं. "सलग म्हणा."

त्यांनी सलग म्हणून पाहिलं. एकोणतीसनंतर अर्धी मुलं चाळीसवर गेली, बाकीची गप्प झाली. मराठीतले हे 'एकोण'चे आकडे मुलांना फार छळतात. नाव पुढच्या दशकाचं आणि आकडा मागच्या दशकातला. त्यात घरी बोलायची भाषा वेगळी. मी पुन्हा म्हणायला लावलं आणि या वेळी थांबू दिलं. श्वास परत आला, आणि एकही मूल चुकलं नाही.

त्याहून जास्त धास्ती मला वाटली ती शाळा सुटायच्या वेळी. घंटा झाली की मुलं धावत सुटत नसत. दारात एकेक जण थांबायचा. चौकटीच्या डाव्या बाजूला जरा वर बघायचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तितकं वर. क्षणभर ऐकल्यासारखं करायचा. मग एखादा आकडा बोलायचा आणि पळायचा. "नऊ." "चार." "अकरा." मी टेबलाजवळ उभी असायचे. दारात कोणी नसायचं.

दुसरीत एक मुलगी होती. कानात काळा दोरा, केस कायम तेलकट आणि घट्ट बांधलेले. ती दारात इतरांपेक्षा जास्त वेळ थांबायची. एक दिवस मी तिला हाक मारली.

"सात म्हणालीस ना आत्ता? कशाचे सात?"

"बाईस्नी इचारं," ती म्हणाली.

"मी कुठं काही विचारलं?"

"तुम्ही नही. पहिल्या बाई. त्या आठे उभ्या राहेत." तिनं चौकटीकडं बोट दाखवलं.

"पण आता तर त्या नाहीत."

एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. मग समजावून सांगितलं, "मीच इचारस, मीच सांगस. पन आवाज बाईस्ना येस."

हळूहळू मुलांकडूनच मला सगळं कळत गेलं. आधीच्या बाईंनी गणिताचा तास ठेवलाच नव्हता. तो मिळणारच नाही हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी गणित सगळ्या सकाळभर पसरून टाकलं होतं. प्रार्थनेच्या रांगेत आपल्या पुढं किती आणि मागं किती ते सांगायचं. सुकडी वाटताना एका ओळीतल्या मुलांना दोन-दोन मुठी, तर सगळ्या मिळून किती, ते ओळीच्या टोकाच्या मुलानं सांगायचं. पंपावर दहा वेळा दांडा मारला की पुढच्याची पाळी, तेही मोठ्यानं मोजत. आणि घरी जाताना दारात बाई उभ्या. प्रत्येकाला त्याच्या कुवतीची एक बेरीज किंवा वजाबाकी. उत्तर दिलं की सुटका. आलं नाही, तर बाई बोटं धरून मोजून घ्यायच्या.

मी विसरले की मुलं आठवण करून द्यायची. "बाई, रांगमा इचारं नही तुम्ही." जिला मी कधी पाहिलं नाही अशा बाईच्या हाताखाली मी शिकत होते. आणि खरंच शिकत होते. कॉलेजात असा वेळ काढायला कोणी शिकवलं नव्हतं. पण दारात उभं राहायची माझी हिंमत होत नव्हती. ती जागा कुणाचीतरी आहे असं वाटायचं. मुलं जात असताना मी फळा पुसत बसायचे, दाराकडं पाठ करून, आणि मागून ते आकडे ऐकत राहायचे.

शेवटी मी गुरुजींना म्हटलं, "त्या बाईंची बदली कुठं झाली? एखाद्या रविवारी जाऊन भेटते. खूप विचारायचंय त्यांना."

गुरुजी चष्मा पुसत होते. ते थांबले.

"अहो बाई, गेल्या म्हणजे... गेल्या. दिवाळीच्या आधीच, रजेवर असताना. दमा होता ना त्यांना. कापसाच्या दिवसांत फार व्हायचा. धुळ्याला माहेरी होत्या."

तो श्वास काय होता, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. उजळणी घेताना एकोणीसशी त्यांना दम लागायचा. थांबून त्या श्वास घ्यायच्या आणि पुढचं म्हणायच्या. मुलांनी तोही उजळणीतलाच समजून पाठ केला होता.

"मुलांना माहीत आहे?" मी विचारलं.

"मोठ्यांना आहे. लहानांना सांगितलं, बाई गेल्या. त्यांना वाटतं गावाला गेल्या. राहू द्या. कशाला उगाच."

त्यानंतर उजळणी घेणं मला जड जाऊ लागलं. प्रत्येक दशकाशी ती बाई वर्गात यायची आणि पुढचा आकडा म्हटला की जायची. मी खिडकीबाहेर बघत ऐकायचे. कधीकधी एखादं पोर मध्येच विचारायचं, "पहिल्या बाई कव्हय येतीन?" मी दुसरं काहीतरी विचारून वेळ मारून न्यायचे.

थंडी पडली होती. एका शनिवारी एक गृहस्थ शाळेत आले. सोबत लहान मुलगी, जेमतेम चालायला-बोलायला लागलेली, डोक्याला लोकरीची टोपी. ते बाईंचे मिस्टर होते. बाईंची एक शाल आणि मुलांसाठी आणलेल्या चिंचोक्यांचा डबा कपाटात राहिला होता, ते न्यायला आले होते. मी त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली आणि कपाटाची किल्ली आणायला गुरुजींच्या घरी एका मुलाला पाठवलं. तोवर वर्गात गोंधळ नको म्हणून सवयीनं म्हटलं, "चला, उजळणी."

माझ्या लक्षात यायच्या आत मुलं एकोणीसपर्यंत पोचली होती.

तो श्वास झाला तसे ते गृहस्थ खुर्चीवरून उठले. मी मुलांना थांबवायला हात वर केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मुलं पुढं गेली. एकोणतीस. पुन्हा. एकोणचाळीस. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"भाऊ, बसा ना," मी म्हटलं.

"हा आवाज," ते अगदी हळू म्हणाले, "शेवटी शेवटी घरात नकोसा झाला होता मला. उशी कानावर घ्यायचो. आता किती दिवस झाले, घरात काहीच आवाज नाही."

एवढ्यात त्यांची मुलगी त्यांच्या पायाजवळून वर्गात शिरली. मुलांच्या ओळींमधून ती चालत गेली. प्रत्येक श्वासाला थबकायची, मान वळवून बघायची. मग तिनं टेबलाखाली वाकून पाहिलं. फळा भिंतीला टेकून ठेवलेला होता, त्याच्यामागं पाहिलं. कोपऱ्यात घोंगडी होती, ती उचलली. कोणाला शोधते आहे, हे आम्हा दोघांनाही विचारायची गरज नव्हती. ती "आई" म्हणाली नाही. नुसती शोधत होती.

उजळणी आपोआप बंद पडली. काळ्या दोऱ्याची ती मुलगी उभी राहिली. बाईंच्या मिस्टरांना ती ओळखत असावी.

"काका, बाई कव्हय येतीन?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते आत आले, मुलांसमोर जमिनीवर मांडी घालून बसले, आपल्या मुलीला जवळ ओढलं आणि मुलांच्याच बोलीत म्हणाले, "नही येवाव, पोरासहोन. त्या वारी ग्यात." बाई वारल्या, हे असं सरळ सांगितलं.

कोणी रडलं नाही. काही मुलांनी एकमेकांकडं पाहिलं, काहींनी पाटीकडं. मग मागून एकानं विचारलं, "मंग दारमा कोन इचारी?"

"मी विचारीन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

निघताना त्यांनी शाल घेतली, चिंचोक्यांचा डबा मुलांसाठी ठेवला. शर्टाच्या खिशात हात घालत म्हणाले, "फोटो आहे तिचा. बघता?" मी नको म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. इतके दिवस चेहऱ्याशिवाय ती माझ्याजवळ वावरत होती. चेहरा मिळाला असता तर दारात उभं राहणं मला झेपलं नसतं.

त्या दिवशी मी दारात उभी राहिले. उजव्या बाजूला. मुलं आली, मी विचारलं, त्यांनी उत्तरं दिली. काही अजून डावीकडं बघून सांगत होती. काळ्या दोऱ्याच्या मुलीला मी सोपीच बेरीज घातली. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली आणि उत्तर न देता गेली.

नंतर ती शाळेत आलीच नाही. मी वाट पाहिली आणि एका दुपारी तिच्या आईला शोधत शेतावर गेले. आई कंबरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. बांधावरच्या बाभळीला झोळी टांगलेली आणि मुलगी धाकट्या भावाला झोके देत बसलेली.

आई म्हणाली, "त्या दिनपाईन गुमसुम शे. काय व्हयनं तिले, काय माहीत."

मी मुलीजवळ बसले. खूप वेळ ती दोरी ओढत राहिली. मग आपणहून म्हणाली, "बाई, आते आवाज येत नही."

"कुणाचा, बाईंचा?"

तिनं मान डोलावली. "मी इचारस. पन मन्हाच आवाज येस."

खरं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, हे मला ठरवता येईना. ते अजूनही ठरवता आलेलं नाही. मी विचारलं, "मग काय विचारलंस आज?"

तिनं वेचलेल्या कापसाच्या ढिगाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आईनी तीन फेऱ्या कऱ्यात. संध्याकाळलोंग अजून चार व्हतीन. सात."

"बरोबर," मी म्हटलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली, आणि झोळीला पुन्हा झोका दिला.

वेचणी संपल्यावर ती शाळेत आली. पुढं चौथीपर्यंत शिकली. बाईंचे मिस्टर परत आले नाहीत. त्यांनी आपल्या मुलीला त्या वर्गात पुन्हा आणलं नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. जूनमध्ये पहिलीत नवी मुलं आली. त्यांनी त्या बाईंना कधी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या मुलांच्या शेजारी बसून ती उजळणी शिकली आणि श्वासासकट शिकली. मी थांबवलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी दुसऱ्या खोलीवर नवे पत्रे बसले. शाळा पूर्ण वेळ भरू लागली. वेळापत्रकात गणिताला स्वतःचा, सबंध तास मिळाला. गुरुजींनी तो माझ्या हातात दिला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्या दिवशी मी फळ्यासमोर उभी राहिले, मुलं पाट्या घेऊन बसली, आणि एवढ्या वेळाचं काय करायचं ते मला कळेना. बाहेर पंपावर कोणी नव्हतं. वर्ग शांत होता. मी खडू हातात घेतला आणि दाराच्या डाव्या बाजूकडं बघत, पहिल्या बाईंच्या पुढल्या शब्दाची वाट पाहत राहिले.