मोकळवाटेवरचा किल्ला

रेणूचं शिवणाचं दुकान जाफराबादच्या स्टँडजवळ आहे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक बंद, आणि कटिंगच्या टेबलावर खडूनं एक जग उमटतं. मोकळवाट त्याचं नाव. खेळाची रीत साधी: रेणू गोष्ट सांगते, आम्ही आपापलं पात्र होऊन पुढं काय करायचं ते बोलतो, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. खेळणाऱ्यांत मी, म्हणजे शेजारची वंदना, दोन मैत्रिणी आणि रेणूचे वडील रायभानमामा. परदेशातली अशी चकचकीत जगं ढिगानं आहेत. आमचं जाफराबादच्या पलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमचं काही अडतही नव्हतं.

या जगात बोलणाऱ्या विहिरी आहेत, चालणारे डोंगर आहेत. कायदा मात्र एकच: मेंढरांच्या वाटेवर कुणी काही बांधायचं नाही. तो रेणूनं बापासाठी केला. मामांनी उमर मेंढरांमागं काढली. मग वाटांवर तारेची कुंपणं आली, खतासाठी शेतात मेंढरं बसवायला बोलावणारेच हाकलायला लागले, आणि शेवटी कळप विकून म्हातारा दुकानात काजं-बटनं करत बसला. रविवारी मात्र टेबलाशी ताठ बसायचा. "चला, हाका!" म्हणाला की आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

पुण्याच्या एका गटाला हे कुठूनसं कळलं. अशा अनोळखी जगांचं ते पुस्तक काढत होते. त्यांचा सूरज नावाचा पोरगा काळीपिवळीतून उतरला, चहा प्यायला, थोडा खेळ पाहिला आणि म्हणाला, "मस्त आहे! फक्त किल्ला नाहीये. किल्ल्याशिवाय लोकांना मजा येत नाही."

माझं डोकं तिथंच फिरलं. लोक म्हणजे कोण? आम्ही काय लोक नव्हतो? पण रेणूला आपलं जग छापलेलं बघायचं होतं. ती म्हणाली, "एक डाव तुम्ही चालवून दाखवा."

त्यानं खडू उचलला आणि बरोबर वाटेवरच किल्ला काढला. वर स्वतःच दरवान झाला. "थांबा काका. इथून कळप जाणार नाही."

मला वाटलं, मामा आता उसळतील. त्यांच्या पात्राकडं डोंगर हलवणारी काठी होती. मामांनी फाशांना हातच लावला नाही. खांदे पाडले, हात जोडले. "दुसरीकून वाट हाय का, मालक?"

मोकळवाटेत 'मालक' हा शब्द कुणी कधी काढला नव्हता.

सूरज खूश. "काय अभिनय करतात काका!"

"अभिनय?" रेणू उठली. "भाहेर जलमभर हेच म्हणावं लागलं त्यांना. म्हणून तर मी हे जग केलं. अन् तुम्ही इथं पण दार लावून राह्यले? न्हाई छापायचं मला. बिलकुल न्हाई."

"अहो, खेळ आहे हा," सूरज म्हणत राहिला. हे वाक्य मला सगळ्यात झोंबलं. खेळ होता म्हणूनच तर तिथं वाट मोकळी ठेवता आली होती!

तो गेल्यावर रेणूनं ओल्या फडक्यानं किल्ला पुसला. "बा, इथं मालक कोणी न्हाई. तुमची पाळी."

मामांनी फासे टाकले. दान चांगलं पडलं. पण टेबलावर खडूचा पांढुरका डाग राहिला होता, आणि मामांनी कळप त्याला वळसा घालून नेला.