यंदाची काठी

"दामूकाका गेले. तुमी आत्ता नका निघू, वढ्याला पाणी हाय." महिन्यापूर्वी दामूच्या पुतण्याचा फोन आला. दामू तीन दिवस तापानं फणफणत होता आणि तीन दिवस ओढा उतरला नाही, म्हणून त्याला शहापूरला हलवता आलं नाही... तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं जिल्हा परिषदेवर निवडून गेलो. तो शेणव्याच्या आतल्या पाड्यावरचा, मी मुरबाडचा. पक्ष वेगळे, पण जेवायला एकत्र बसायचो. दोघांनाही गावासाठी पूल हवा होता आणि वर्षाला एकच मंजूर होणार होता. "पैला तुजा होऊ दे रे," दामू म्हणाला. "पुढच्या साली तू माज्यासाठी हात वर कर." स्वतःच्या पक्षाची बोलणी खाऊन त्यानं हात वर केला, आणखी चौघांना करायला लावला. माझा पूल झाला. दगडावर माझं नाव लागलं आणि मी मिरवलो.

पुढच्या साली आमच्या गटनेत्यानं मला बाजूला घेतलं. दुसऱ्या एका गटाची मतं मिळाली तर मी सभापती होणार होतो; त्यांना पूल आपल्या भागात हवा होता. मतदानाच्या वेळी दामूनं वळून माझ्याकडे पाहिलं. माझा हात मांडीवरच राहिला. एका मतानं त्याचा ठराव पडला.

सभापतीच्या गाडीतून मी पावसाळ्यात त्याची समजूत काढायला गेलो, तर हा ओढ्याकाठी बांबूची नवी काठी घेऊन उभा. "तुला पाण्याची सवय नाय. ही धर नि माज्या मागं ये." बस्स, इतकंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे दर पावसाळ्यात तो माझ्यासाठी काठी तोडून काठावरच्या आंब्याशी ठेवायचा आणि मी दर वेळी "यंदा बघतो" म्हणायचो. मग पद गेलं, गाडी गेली, बघायचं राहूनच गेलं.

पाणी उतरल्यावर पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आंब्याशी यंदाची काठी होती, अजून हिरवी.

"ताप यायच्या आदल्या दिशी तोडली, भावजी," वहिनी म्हणाली. "न्या तुमी. आता वढ्यातून तुमाला आणायला कोन येनार?"

मला रडूही आलं नाही. काठी घेऊन मुरबाडला उतरलो आणि माझ्या नावाच्या पुलावरून, खाली पाणी दणदणत असताना, कोरड्या पायांनी घरी आलो.